धाकट्या जावेचा श्वास

मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. आता वय झालं, आडून आडून सांगण्यात काही अर्थ नाही. तिच्या अंगावर माझ्यापेक्षा जास्त सोनं आहे म्हणून नाही. तिचा नवरा न सांगता भांडी घासतो आणि माझा सांगूनही घासत नाही, म्हणूनही नाही. तो विषय वेगळा. ती माझ्यापेक्षा कमी श्वास घेते, म्हणून मी जळते.

हसताय ना? हसा. पण पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून जे समुद्रात उतरलेत ते हसणार नाहीत. सिलिंडरला एक काटा असतो, किती हवा उरली ते त्यावर दिसतं. पाच-सहा जण एकत्र खाली जातात. सगळ्यांची सिलिंडरं सारखीच भरलेली, काटा दोनशेवर, पण जो धापा टाकतो त्याचा काटा भराभर उतरतो. आणि ज्याचा काटा आधी खाली येईल त्याच्याबरोबर सगळ्यांनी परत फिरायचं. आमच्या गटात तो काटा कायम माझा. मी वर येते तेव्हा माझ्याकडे पन्नास उरलेले असतात, जावेकडे एकशे दहा. एकदा नेत्राणी बेटावर एक गृहस्थ बोटीवर चढताचढता मला म्हणाले, "काकू, तुमच्यामुळे आमचं कासव राहिलं." काकू! हा माणूस माझ्याहून दोन वर्षांनी तरी मोठा असेल. त्याला मी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण येताना तो बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

आणि हे माझ्या वाट्याला यावं? मी कोथरूडची, पोहण्याच्या टँकवर वाढलेली. शाळेत असल्यापासून पोहते. हॉलमधल्या शोकेसमध्ये माझी पदकं आहेत. सासूबाईंनी त्यांच्यापुढे हळदीकुंकवात मिळालेल्या वाट्या-डबे रचून ठेवलेत, तरी बाजूने डोकावलं तर दिसतात. गेली बारा वर्षं मी बायकांची सकाळची बॅच घेते. अर्ध्या कोथरूडला मी पाण्यात ढकललेलं आहे.

जाऊ हडपसरच्या पलीकडच्या गावातली. आता ते गाव राहिलेलं नाही, तेव्हा होतं. घरची शेती, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या टेम्पोतून मार्केट यार्डात जायच्या. ती पोहायला शिकली विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मोटारीच्या पाइपाला पाण्यात खाली एक झडप असते, तिच्यात पालापाचोळा अडकला की मोटार पाणी ओढत नाही. मग तिचे भाऊ कमरेवर हात ठेवून काठावर उभे राहायचे आणि ही परकर खोचून खाली जायची. अंधारात चाचपत झडप साफ करायची आणि वर यायची. किती वेळ राहायचीस गं खाली, असं मी एकदा विचारलं. "मोजलं न्हाई कधी," म्हणाली. "काम झालं की वर."

लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या टँकवर आली तेव्हा तिने काठावरून सरळ मुटका मारला. गुडघे पोटाशी घेऊन, धप्पकन! सात-आठ बायका भिजल्या आणि चिडल्या. पोहायला आलेल्या बायका भिजल्या म्हणून चिडतात, हे आमच्याकडेच होतं. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "इथे सूर मारतात." तिने मान डोलावली. मग मी तिचे हात दुरुस्त केले, पाय दुरुस्त केले, मान दुरुस्त केली. घरी 'न्हाई'चं 'नाही' करून घेतलं. अठरा वर्षं मी तिला दुरुस्त करत आलेय, आणि ती एका शब्दाने उलटून बोललेली नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही घरं मिळून मालवणला गेलो. आमचे नवरे, दोघे भाऊ, बोटीवर ओकून ओकून आडवे झाले. आम्ही दोघी जावा खाली उतरलो, आणि मग दर वर्षी उतरतच राहिलो. पुण्यातच एक सर आहेत, आधी टँकमध्ये शिकवतात आणि मग समुद्रावर नेतात. त्यांच्याकडे आम्ही एकामागून एक कोर्स केले. दोघींच्या प्रमाणपत्रांवर एकच तारीख, दोघींच्या वह्यांत त्याच डाइव्ह. बघणाऱ्याला वाटावं, काय बाई जोडी!

मागच्या हिवाळ्यात अंदमानहून आल्यावर टँकवर सामान धूत होतो. सर जावेला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता टेक्निकल करा. तुमचा पिंडच त्याचा आहे."

मी शेजारीच माझा मास्क धूत होते. तो जरा जास्तच धुतला गेला. मग सरांना आठवण झाली असावी. "तुम्हीही करून बघा की," माझ्याकडे बघून म्हणाले. त्या 'ही'ने माझे चार दिवस खाल्ले.

टेक्निकल म्हणजे काय, तर आम्ही सुट्टीत करतो त्याच्या खालचं. आमच्या साध्या डाइव्हमध्ये काही बिघडलंच तर सरळ वर यायची सोय असते. टेक्निकलमध्ये दीडशे फुटांपर्यंत जायचं, पाठीवर दोन सिलिंडरं, कुशीत आणखी एक. इतक्या खालून सरळ वर येता येत नाही. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून ठरावीक उंचीवर थांबत थांबत, मिनिटं मोजत यायचं. घाई केली तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो. वर उजेड दिसत असतो, पण डोक्यावर छत आहे असं समजायचं.

हे सगळं ऐकून माणूस विचारील, धोका किती? जावेने विचारलं, "तिथं खाली गार लागतं का?"

लागतं, सर म्हणाले. कधीकधी गार पाण्याचा एकदम थरच लागतो.

घरी येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "आमच्या विहिरीत तळाला असं गार लागायचं, वहिनी. उन्हाळ्यात सुद्धा." ती विहीर बुजवली. जमीन विकली, तिथे आता टॉवर उभा आहे, आणि विहीर होती तिथे तिच्या अंदाजाने पार्किंग आहे. "एकदा परत तेवढं गार पाहिजे होतं," म्हणाली. अठरा वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. साडीसुद्धा 'तुम्ही घ्याल तशीच' घेते. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी माझ्याने गाडी पटकन काढवेना.

आमचे दोन फ्लॅट समोरासमोर आणि सासूबाई दोन्हींच्या. त्यांच्याशिवाय काही ठरत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बायका समुद्रात बुडायला जाणार आणि मुलगे घरी भाजी निवडणार. छान." मग चष्मा पुसला. "दोघी जाणार असाल तर जा. एकटीला मी पाठवणार नाही. काही झालं तर हिच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

दीरही तेच म्हणाले, "वहिनी असतील तर मला काळजी नाही."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन थांबलं. मी हो म्हटलं तर ती जाणार. मी नाही म्हटलं तर तिचं ते गार पाणी गेलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला या मोठेपणाचं बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की हो म्हटलं तर मला कोर्सचे आठ दिवस समुद्रावर तिच्या शेजारी राहून तिच्यापेक्षा कमी ठरायचंय. रोज. काट्यावर. लेखी.

सर म्हणाले, आधी रविवारी दुपारी टँकवर एक चाचणी घेऊ, मग ठरवा.

ज्या टँकमध्ये उंचावरून सूर मारतात तो आमच्याकडचा सगळ्यात खोल, सोळा फूट. सरांनी वरून एक दोर सोडला, खाली वजन, आणि दोराला दोन रिबिनी बांधल्या, एक दहा फुटांवर लाल, एक पाच फुटांवर पिवळी. "लाल रिबिनीसमोर वीस मिनिटं," म्हणाले. "आडवं तरंगायचं. ना वर, ना खाली. मग पिवळीसमोर दोन मिनिटं, आणि मग बाहेर. दोघींनी एकमेकींवर नजर ठेवायची. काटा बघायचा, डोळे बघायचे."

मग त्यांनी तो नियम सांगितला. मूठ वळून अंगठा वर केला. बाहेर याचा अर्थ झकास; पाण्यात याचा अर्थ, बास, वर चला. "हा अंगठा कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी दाखवू शकतं," सर म्हणाले. "समोरच्याने तोच परत दाखवायचा आणि निघायचं. का, असं विचारायचं नाही. तिथे नाही, वर आल्यावर नाही, घरी गेल्यावरही नाही. टोमणा मारायचा नाही. कारण विचारलं जाणार असं वाटलं, तर माणूस अंगठा दाखवायला लाजतो, आणि लाजण्यात जीव जातो."

टोमणा मारायचा नाही! मनात म्हटलं, हे सर मूळचे इथले नसणार.

आम्ही उतरलो, मागोमाग सरही. आणि लगेच माझे हात हलायला लागले. पाण्यात हात हलवूनच मी पदकं मिळवली हो! चाळीस वर्षं पाण्यात हातांवर जगले, आता म्हणतात हात बांधा. मी बोटं गुंफून छातीशी धरली तर खाली जायला लागले. श्वास ओढला तर वर. सोडला तर परत खाली. सर मनगटाला टिचकी मारून मला खुणावत होते, आणि मी त्या लाल रिबिनीसमोर लिफ्टसारखी खालीवर करत होते. समोर जाऊ. खिळ्याला पिशवी अडकवावी तशी. हलत नाही, डुलत नाही, तोंडातून बुडबुडे कधीतरी निघतात, नाहीतर मेली की काय वाटावं. झडप साफ करताना गाळ उठू नये म्हणून शिकलेली ती शांतता. तिला ती कोणी पदक लावून शिकवली नव्हती.

अकराव्या की बाराव्या मिनिटाला सरांनी तिच्यासमोर बोटांचा गोल केला, उत्तम. इथवर ठीक होतं. मग ते माझ्याकडे वळले आणि बोटाने तिच्याकडे दाखवलं. हिच्यासारखं. असं.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! ही? हिने माझ्या टँकवर मुटका मारला होता! हिला सूर मारायला मी शिकवलं! मला त्या क्षणी एवढंच हवं होतं की ती दिसू नये, ते थांबावं. काटा भरपूर होता, काही दुखत नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. आणि मी अंगठा दाखवला.

तिने त्याच क्षणी अंगठा परत दाखवला. विचारही केला नाही. सरकत माझ्याजवळ आली आणि माझा उजवा दंड धरला. आम्ही पिवळ्या रिबिनीपाशी आलो. तिथे दोन मिनिटं थांबायचं होतं. त्या दोन मिनिटांत तिने माझा दंड सोडला नाही. माझा काटा पाहिला. मग माझ्या मास्कसमोर तोंड आणून माझ्या डोळ्यांत बघत राहिली, तापात असलेल्या पोराकडे बघतात तसं. आणि गंमत ऐका. ती धरून होती म्हणून मी त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा न हलता स्थिर राहिले. दोन मिनिटं इतकी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं.

वर आल्यावर सरांनी खरंच काही विचारलं नाही. "आज इथेच थांबू," म्हणाले. आणि मग वर म्हणाले, "तुमचा एकमेकींवर भरवसा चांगला आहे. हाताचं शिकवता येतं, हे शिकवता येत नाही. दोघींना टीम म्हणून घेतो मी. बुधवारपर्यंत कळवा." मला वाटलं पुन्हा पाण्यात जावं आणि वर येऊच नये.

जाऊ वाटेत बोलली ती फक्त भाजीचं. घरी मात्र सासूबाईंना कुठला नियम माहीत असायला! दारातच विचारलं, "लवकर कशा आलात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कानात कळ आली."

"मग झालं," सासूबाई म्हणाल्या. "कानाशी खेळ नको. राहू दे तो कोर्स."

जाऊ तिथेच उभी होती. तिने कोर्सचा कागद हातातल्या पिशवीतून काढला, चार घड्या केल्या आणि डायनिंग टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली ठेवला. खण बंद केला आणि कुकर लावायला गेली.

मला हवं होतं ते मिळालं होतं. न भांडता, न बोलता. आणि तुम्हाला सांगते, त्या खणाकडे बघवेना.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती समोरून आली. हातात छोटी वाटी. लसूण घालून कडवलेलं तेल, कोमट. "वहिनी, आडव्या व्हा. कान द्या." मी उजवा कान वर करून सोफ्यावर पडले. तिने दोन थेंब सोडले, वर कापूस लावला, आणि थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली. माझ्या ठणठणीत कानात लसणाचं तेल! रात्रभर मला भेळेचे वास येत होते.

दुसऱ्या दिवशी परत वाटी. "कोणता कान?" तिने विचारलं.

मी डावा पुढे केला.

तेल सोडताना तिचा हात हवेत थांबला. अगदी जरासा. मला कळलं तो का थांबला, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आडवीच होते मी, तरी सरकली. मग तिने डाव्या कानात दोन थेंब सोडले, कापूस लावला, आणि डोक्यावर हात ठेवला.

अर्धा मिनिट सहन केलं. मग मी ताडकन उठून बसले. तेल मानेवरून ब्लाउजमध्ये गेलं. "अगं, विचार ना!" मी ओरडलेच. "विचार की, काल उजवा होता म्हणून! तोंड शिवलंय का तुझं?"

ती पदराने माझी मान पुसत होती. "विचारायचं नसतं ना, वहिनी."

"ते पाण्यात!"

"सर म्हणाले, घरी गेल्यावर पण."

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं. कान दुखला नाही. श्वास लागला नाही. तू त्या रिबिनीसमोर इतकी छान थांबली होतीस, मला बघवलं नाही. मला तुझा राग आला. सहा वर्षं येतोय, प्रत्येक डाइव्हला येतोय. बोलताना मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

तिने वाटी खाली ठेवली. "कान दुखत नव्हता ते मला तिथंच कळलं," म्हणाली. "तुमचा काटा एकशे साठवर होता. डोळे पण नीट होते. नुसते रागावलेले होते."

"मग वर कशाला आलीस?"

तिला हा प्रश्नच कळला नसावा. "तुम्ही अंगठा दाखवलात," ती म्हणाली.

मी उठले, कापूस कानातून काढला आणि तशीच सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या गुडघ्याला मलम लावत होत्या. म्हटलं, "आई, माझा कान दुखत नव्हता."

"ते मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "दुखत असता तर तू अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असतंस."

"तिला कोर्सला जाऊ द्या."

"आणि तू?"

"मी नाही जात. माझ्याच्याने व्हायचं नाही ते."

"का? तू तर पदकंवाली. ती विहिरीतली."

"ती माझ्यापेक्षा चांगली आहे," मी म्हटलं.

सासूबाईंनी मलमाचं झाकण लावलं. "काय? नीट ऐकू नाही आलं."

त्यांना चौथ्या मजल्यावरचा नळ गळला तरी ऐकू येतं. पण मी परत म्हटलं, मोठ्याने, बाहेर जावेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "ती माझ्यापेक्षा चांगली आहे, आई. पाण्यात ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तिला जाऊ द्या."

"मग जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "एवढं साधं वाक्य बोलायला अठरा वर्षं लागली?"

त्या रात्री मला मस्त झोप लागली. आता वाटेल, संपलं. जळणं थांबलं, मी मोठी झाले, वगैरे. छे!

सरांनी तिच्यासाठी दुसरी जोडीदारीण शोधली. हडपसरची, दातांची डॉक्टर, पस्तिशीची. चटपटीत बाई, स्वतःची लाल गाडी. दोघी महिनाभर टँकवर सराव करायला लागल्या. मी माझी बॅच आटपून काठावर बसायचे, टॉवेल सांभाळायला म्हणून. एकाच भागातल्या निघाल्या, त्यामुळे बोलायला लागल्या की 'हाय' आणि 'न्हाई' मोकळे सुटायचे, आणि जाऊ अशी खदाखदा हसायची! आमच्या घरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. दातवाली तिला अगं-तुगं करायची. पाण्यात उतरण्याआधी एकमेकींचे पट्टे ओढून बघायच्या. जावेच्या डाव्या खांद्याचा पट्टा नेहमी पिळतो, तो सरळ करावा लागतो. सहा वर्षं मी केला. दातवालीला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

विमानतळावर मी सोडायला गेले. दातवालीला सांगितलं, "तिचा डावा पट्टा पिळतो." "माहीत आहे, काकू," ती म्हणाली. असो.

आठ दिवसांत मी सासूबाईंच्या गोळ्या, दोन्ही घरांचे डबे आणि तिची तुळस सांभाळली. सकाळी टँकवर बॅच सुटली की रिबीन समजून एक लाल टॉवेल काठावरून पाण्यात सोडायचे आणि त्याच्यासमोर हात बांधून तरंगायचा प्रयत्न करायचे. सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाज तुटत होता.

"वहिनी, गार लागलं!"

"किती गार?"

"विहिरीगत. अगदी तेवढंच."

मी 'विहिरीसारखं' म्हटलं नाही. मला आनंद झाला, देवाशपथ झाला. डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, "काल मात्र मधूनच वर यावं लागलं. डॉक्टरांनी अंगठा दाखवला."

"का? काय झालं तिला?"

"काय माहीत."

"विचारलं नाहीस?"

"नाही. विचारायचं नसतं ना."

आणि पोटात असा जाळ झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं तिच्या काट्यावर जळले, तिच्या बुडबुड्यांवर जळले, तो जाळ याच्यापुढे काहीच नाही. ते न विचारणं माझं होतं. इतक्या वर्षांत मला कोणी दिलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती हिने एका दातवालीला देऊन टाकली, सहा दिवसांत.

"दंड धरला होतास का?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"तिचा. वर येताना."

"धरावाच लागतो की, वहिनी."

"हं," मी म्हटलं. ठेवून द्यायचा फोन. पण राहवलं नाही. "कोणता?"

"काय कोणता?"

"दंड गं. कोणता धरलास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिचा डावा," ती म्हणाली. "उजवा तुमचा होता."